रांगेत ओळखीचं माणूस दिसलं तर

प्रश्न: नमस्कार ताई, मी अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला मुलाकडे असते. इथे एका चर्चच्या तळघरात फूड पँट्री चालते, म्हणजे गरजूंना फुकट किराणा देतात, दर शनिवारी तिथे डबे लावायला, पिशव्या भरून द्यायला जाते. गेल्या शनिवारी रांगेत आमच्या मंडळातली एक मुलगी दिसली, गणपतीत माझ्याच शेजारी बसून मोदक वळत होती, नवरा आयटीत. मला बघून तिने मान खाली घातली, मीही बोलले नाही, गडबडीत तिच्या पिशवीत दोन डबे जास्तीचे टाकले. तेव्हापासून चैन नाही. फोन करू का? आणि खरं सांगते, मनात हेही आलं की टोयोटातून येणाऱ्यांना फुकटचं कशाला लागतं?

उत्तर: काकू, टोयोटाचं आधी उरकते, ते सोपं आहे. गाडी विकली तर तिथे इंटरव्ह्यूला जायचं कसं? नवरा एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असेल आणि नोकरी गेली असेल (असेल म्हणतेय हं, तुम्हीही धरून चालू नका) तर साधारण ६० दिवसांत दुसरी शोधा नाहीतर गाशा गुंडाळा, किराण्यासाठीची सरकारी मदत, फूड स्टॅम्प म्हणजे स्नॅप, एच-वनवाल्यांना मिळत नाही आणि घरभाडं काही थांबत नाही. ज्यांना स्नॅप मिळतं त्यांनाही त्यावर साबण, डायपर घेता येत नाहीत, म्हणून तर डायपर आले की लगेच संपतात, बघितलं असेल तुम्ही.

आता मोदकवाली. मी जर्सी सिटीत होते तेव्हा सहा वर्षं हेच काम केलंय आणि ह्यात चांगली तोंडघशी पडलेय. ओळखीची एक जण आली, मी आपली मायेने, भर रांगेत, "अगं तू इकडे कशी!" ती परत आलीच नाही. नंतर कळलं दोन बस बदलून दुसऱ्या गावच्या पँट्रीत जायची, माझ्या त्या एका वाक्यापायी. त्यामानाने तुम्ही गप्प राहिलात ते बरंच केलंत.

पण ते जास्तीचे डबे मला खटकले. कशाचे होते? चिकन सूपचे असतील आणि ती शाकाहारी असेल तर? बऱ्याच पँट्र्यांत आता भरलेली पिशवी हातात देत नाहीत, दुकानासारखं शेल्फवरून ज्याचं त्याने उचलायचं, क्लायंट चॉईस म्हणतात, तुमच्याकडे नसेल तर सुचवून बघा. तांदूळ घ्यावा, पीनट बटर परत ठेवावं, "हे नको" म्हणावं. साठच्या दशकात रेशनवर अमेरिकेचा लाल गहू आणि मिलो ज्वारी मुकाट्याने पिशवीत घेतलेल्या घरांना "नको" म्हणता येणं म्हणजे काय ते मी काय सांगू, आणि आता त्याच अमेरिकेत वाटपाच्या टेबलामागे तुम्ही उभ्या आहात, गंमतच आहे.

फोन करू नका. तिला वाटलं तर ती करेल. हळदीकुंकवाला दरवर्षी बोलवत असाल तर तसंच बोलवा, जास्त आग्रह नको नि कमीही नको. घरी सांगून झालं असेल तर मुलाला-सुनेला बजावा की पुढे जायला नको, मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप कसा असतो माहितीये ना. पुढच्या शनिवारी नावनोंदणीच्या टेबलावर तुमची पाळी असेल तर कुणाशी तरी बदलून घ्या, घरात माणसं किती, झिप कोड काय, हे तिला तुमच्या तोंडून विचारलं जायला नको. समोर आलीच तर सगळ्यांना म्हणता तेच म्हणा, आज पालक ताजा आलाय वगैरे.

आणि हातून काही द्यायचंच असेल तर पँट्रीवाल्यांना विचारून इंडियन ग्रोसरीतून तूरडाळीची सीलबंद पाकिटं आणा आणि शेल्फवर ठेवून द्या. भलतंच कुणीतरी उचलून नेईल, नेऊ दे.