कार्यक्रमाला परवानगी नाकारली जाते तेव्हा

पथनाट्याला किंवा व्याख्यानाला महाविद्यालयाने परवानगी नाकारली, की लगेच घोषणा देण्याचा मोह होतो. तो आवरा आणि आधी नकार लेखी मागा, कारण तोंडी नकाराविरुद्ध दाद मागणे फार कठीण जाते. महाविद्यालय शासकीय असेल तर संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क)चा, म्हणजे भाषण आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा, आधार थेट घेता येतो. खासगी विनाअनुदानित संस्थेत तो सहसा थेट लागू पडत नाही, तेथे संस्थेची नियमावलीच बारकाईने वाचावी लागते.

२०१२ मध्ये मुंबई बंदविषयीच्या फेसबुक पोस्टवरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली आणि पुढे श्रेया सिंघल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द केले. तो निकाल मुळातून वाचा. चर्चा, मताचा पुरस्कार आणि चिथावणी यांत न्यायालयाने केलेला भेद प्राचार्यांशी बोलताना सर्वाधिक उपयोगी पडतो.

ज्या गटाचे मत तुम्हाला मुळीच पटत नाही, त्याचा कार्यक्रम रोखला गेला तर त्याच्याही निवेदनावर सही करा. माझ्या मते अभिव्यक्तिस्वातंत्र्यासाठीच्या कामाची खरी कसोटी तीच आहे. आझाद मैदानात निदर्शने करायची झाल्यास पोलिसांकडे अर्ज वेळेत द्या.