‘यारो’ म्हणजे यार नव्हे

प्रिय मुली,

तुझं पत्र आणि सोबतचा लेख, दोन्ही वाचलं. पत्र चांगलं आहे. लेख नाही.

तमिळ कवी-गीतकार कण्णदासनच्या एका सिनेगीतावर तू चौदाशे शब्द लिहिलेस आणि त्या गाण्याची पहिली ओळ येते सातव्या परिच्छेदात. तोवर कामू येऊन जातो, हायडेगर येऊन जातो, बुद्ध येतो आणि शेवटी ‘हा म्हणजे तमिळ तुकारामच’ असं एक वाक्य येतं. त्याखाली मी लाल रेघ मारली आहे. (हो, मी अजून प्रिंट काढून वाचतो.) एवढी थोर माणसं कशाला बोलावलीस? गाणं आपल्या पायावर उभं राहणार नाही, अशी धास्ती वाटली म्हणून. पत्रात तू मला विचारतेस, सिनेमाच्या गाण्यात तत्त्वज्ञान असतं का. लेखात तूच उत्तर देऊन बसली आहेस, की नसतं, बाहेरून आणून भरावं लागतं.

आता माझी गोष्ट ऐक. ही मी फारशी कुणाला सांगितलेली नाही.

जून 1981 मध्ये माझी मद्रासला बदली झाली. ट्रिप्लिकेनमध्ये एका मेसच्या वरची खोली, खाली चहाचं दुकान. ऑक्टोबरात कण्णदासन शिकागोमध्ये वारला, अवघ्या 54व्या वर्षी, आणि त्या दुकानात दिवसभर त्याचीच गाणी लागली. मला नावही ठाऊक नव्हतं. चार महिन्यांत वीडु म्हणजे घर, पिळ्ळै म्हणजे मूल, एवढी मजल गेली होती. त्या भांडवलावर मी ते गाणं ऐकलं, जे तूही निवडलं आहेस. ‘पादकाणिक्कै’ हा 1962 चा चित्रपट, विश्वनाथन-राममूर्तींचं संगीत, सौंदरराजनचा आवाज. ‘वीडु वरै उरवु, वीदि वरै मनैवि, काडु वरै पिळ्ळै, कडैसि वरै यारो.’

घरापर्यंत नातलग. रस्त्यापर्यंत बायको. मसणापर्यंत मुलगा. आणि शेवटपर्यंत? यारो! मला वाटलं, यार. दोस्त. माझ्या मराठी-हिंदी कानाला दुसरं काय ऐकू येणार? मी भारावून गेलो. सगळे सुटतात, मित्र तेवढा शेवटपर्यंत येतो, असं ते तमिळ लोक म्हणतात म्हणून मी 1983 च्या एका दिवाळी अंकात पावणेतीन पानं लिहिली. चौदा पत्रं आली. एका गृहस्थांनी कळवलं की त्यांनी तो लेख आपल्या मित्राच्या शोकसभेत वाचून दाखवला.

पुढच्या उन्हाळ्यात मी मोठ्या ऐटीत मेसच्या मालकांना हा अर्थ सांगितला. ते हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी केळीचं पान पुसता पुसता एवढंच सांगितलं की ‘यार्’ म्हणजे कोण, आणि त्याला ‘ओ’ लागला की शंका आली. शेवटपर्यंत कोण, कोण जाणे.

आणि ते तिथेच थांबले नाहीत. म्हणाले, हे कण्णदासनचं एकट्याचं नाही, पट्टिनत्तारचं जुनं पद आहे. मग त्यांनी ते म्हणून दाखवलं. पट्टिनत्तार म्हणजे कावेरीच्या मुखाशी असलेल्या बंदरातला धनाढ्य व्यापारी, नेढं तुटलेली सुईसुद्धा शेवटच्या वाटेला सोबत येत नाही, एवढं कळल्यावर सगळं सोडून निघालेला. त्याच्या पदात संपत्ती घरापर्यंत, बायको रस्त्यापर्यंत, रडणारे मुलगे मसणापर्यंत. चौथी जागा मात्र तिथे भरलेली आहे. पुढे येतं ते पाप आणि पुण्य. कण्णदासनने तीन पायऱ्या जशाच्या तशा उचलल्या आणि चौथ्या पायरीवरचं उत्तर काढून घेतलं. तिथे त्याने ठेवला एक ‘ओ’.

थांब इथे जरा. उमेदीची वर्षं द्रमुकच्या नास्तिक वातावरणात काढलेला हा माणूस 1961 मध्ये त्या पक्षातून बाहेर पडला. हिंदू धर्माचा अर्थ सांगणारी त्याची पुस्तकमाला अजून पुढेच होती. मधल्या त्या काळात त्याला ना पट्टिनत्तारचं उत्तर पुरेसं वाटत होतं, ना उत्तर नाही म्हणून खांदे उडवता येत होते. हे माझं वाचन आहे, तुला पटलं नाही तर भांड. पण भांडायलासुद्धा त्या ‘ओ’पर्यंत पोचावं लागतं. ओळ शेवटपर्यंत ऐक. एवढंच मला तुला सांगायचं आहे आणि या पत्रात मी ते पुन्हापुन्हा सांगणार आहे.

तुझं ‘तमिळ तुकारामच’ हे माझ्या ‘यार’चंच भावंड आहे. दुसऱ्याच्या ओळीत आपल्या ओळखीचा आवाज ऐकू आला की आपण ऐकणं बंद करतो. रजनीकांत आपला गायकवाड, झालं, संपला विषय. तमिळ नट शिवाजी गणेशनला ‘शिवाजी’ हे नाव अण्णादुरैंच्या शिवाजीमहाराजांवरच्या नाटकामुळे मिळालं, पेरियारांनी दिलं, हे आपण कौतुकाने सांगतो. पण ते नाटक राज्याभिषेकाच्या आड आलेल्या जातीच्या अहंकारावर होतं, हे विचारायला कोण थांबतं? तुकोबा आण, जरूर आण, पण ओळ संपल्यावर. आणि कुठे जुळत नाही ते दाखवायला आण. जुळतं ते वाचकाला तुझ्याशिवाय कळतं.

तू विचारलंस, ‘सामान्य वाचकासाठी किती सोपं करू?’ या प्रश्नाने मी खरा चिडलो. मला तिरुक्कुरळ, म्हणजे दोन-दोन ओळींच्या कुरळांचा तो जुना तमिळ नीतिग्रंथ, पहिल्यांदा समजावून सांगितला तो बसच्या कंडक्टरने. तिथल्या सरकारी बसमध्ये कुरळ लिहिलेले असतात, तूही रोज बघत असशील. 1330 कुरळांपैकी 391वा होता. त्याचा अर्थ असा, की जे शिकायचं ते चोख शीक, आणि शिकल्यावर त्याप्रमाणे उभा राहा. ‘निर्क’ म्हणजे उभा राहा. बस खचाखच भरलेली. कंडक्टर दांडीला लोंबकळणाऱ्या माणसांकडे बोट दाखवून म्हणाला, उभे तर सगळेच आहेत, शिकलाय कोण ते बघा. आता सांग, या माणसासाठी तू काय सोपं करणार? ‘सोपं करणं’ म्हणजे त्याला अर्धी ओळ देणं. कठीण शब्द ठेव, शेजारी त्याचा अर्थ ठेव आणि बाजूला हो.

‘यादुम् ऊरे यावरुम् केळिर्’ ही पुरनानूरू या प्राचीन तमिळ काव्यसंग्रहातली ओळ तू लेखाच्या माथ्यावर डकवली आहेस. सारी गावं आपली, सारी माणसं आपली. छान. अब्दुल कलामांनी युरोपच्या संसदेत ती म्हटल्यापासून कुणीही ती कुठेही डकवतं. ती 192वी कविता पुढे वाचलीस का? तिचा कवी कणियन पूंगुन्रनार पुढे म्हणतो की चांगलं-वाईट दुसऱ्याकडून येत नाही, मरण काही नवं नाही, खडकांवर आदळत वाहणाऱ्या नदीत तराफा जातो तसा जीव जातो. म्हणून आम्ही मोठ्यांना बघून दिपत नाही, आणि लहानांना तुच्छ लेखणं तर त्याहूनही नाही. पहिल्या ओळीचं औदार्य या तराफ्यातून आलेलं आहे. तो काढलास की उरतं स्वागताच्या कमानीवर लिहायचं वाक्य. आणि ‘सामान्य वाचक’ म्हणणाऱ्यांनी तर शेवटची ओळच आधी वाचावी.

मी ती कविता एग्मोरच्या कन्नेमरा ग्रंथालयात बसून अक्षर अक्षर गिरवत उतरवली होती. ताडपत्रांत विखुरलेलं पुरनानूरू उ. वे. स्वामिनाथ अय्यरांनी शोधून, पाठ ताडून 1894 मध्ये छापलं. आणि 1998 च्या पोंगलपासून ‘प्रोजेक्ट मदुरै’ची माणसं, कुणी स्वित्झर्लंडमध्ये, कुणी अमेरिकेत, आपली नोकरी सांभाळून तमिळ ग्रंथ टाइप करून इंटरनेटवर फुकट ठेवू लागली. युनिकोड रुळायच्या आधीचा काळ, फाँट नसला की पडद्यावर नुसती रांगोळी. तरी ठेवत राहिली. भाच्याच्या कॉम्प्युटरवर मी पहिल्यांदा ती कविता उघडली तेव्हा तो म्हणाला, मामा, डोळ्यांत काय गेलं?

तुला वाटेल, मग या माणसाने स्वतः का नाही लिहिलं? ‘यार’ प्रकरणानंतर मी एक शब्द छापला नाही. बायको याला आळस म्हणायची. आळस नव्हता. पाच वह्या भरल्या आहेत मी, एकेका ओळीवर महिना महिना घालवून. अर्धवट काही द्यायचं नाही, अशी शपथ होती. शपथ बरोबरच होती, हे मी आजही म्हणेन. फक्त शिकल्यावर उभं राहायचं असतं, ही त्या कुरळाची दुसरी अर्धी ओळ मी चाळीस वर्षं टाळली, हे तू म्हणायच्या आत मीच म्हणतो. शोकसभेत लेख वाचणाऱ्या त्या गृहस्थांनासुद्धा मी कधी कळवलं नाही. दुरुस्ती छापायची कुठे? अंक रद्दीत गेला, चूक त्यांच्याजवळ राहिली.

तुझं तसं नाही. तू आज चुकलीस तर संध्याकाळी कोईमतूरची एखादी शिक्षिका तुला चूक दाखवेल, आणि तू त्याच पानावर दुरुस्ती करशील. मात्र जुनं पुसू नकोस. खाली लिही, की आधी असं समजले होते. म्हणून तमिळ पूर्ण आल्याशिवाय लिहू नको, असं मी तुला सांगणार नाही. एकच गाणं घे, एकाच ओळीला चिकट, ती तमिळ लिपीत आणि देवनागरीत सगळ्यात वर ठेव, आणि ज्याची ती भाषा आहे अशा एका माणसाला समोर बसवून ओळीच्या शेवटापर्यंत जा. भाषांतराच्या यंत्राला विचारशील, तर ते ‘यारो’चं ‘कुणीतरी’ करून मोकळं होईल. तो ‘ओ’ माणसालाच विचार.

पट्टिनत्तारची समाधी तिरुवोट्रियूरला आहे. आता तिथे मेट्रो जाते. मी पाच वर्षं त्या शहरात राहून गेलो नाही, आधी पदं नीट वाचू मग जाऊ म्हणत राहिलो.

वह्या उद्या कुरिअर करतो. तिसरीवर चहा सांडला आहे. चौथीतली शेवटची दहा पानं चुकीची असावीत असा मला संशय आहे, ती आधी तपास.

तुझा,
काका