कॅमेरा लांब, माईक जवळ

प्रश्न : मुलाखतीत पाहुणा बोलायचा थांबला की मागून ‘सूंऽऽ’ असा आवाज वर येतो, बोलू लागला की विरतो. माईक बिघडलाय का?

माईक ठीक आहे. हे काम कॅमेऱ्यातल्या ऑटो गेनचं. आवाज बारीक झाला की तो आपणहून गेन, म्हणजे आत आलेला आवाज किती मोठा करायचा ते प्रमाण, वाढवतो, मोठा झाला की उतरवतो. पाहुणा श्वास घ्यायला थांबला, तरी कॅमेऱ्याला वाटतं आवाज कमी पडतोय. मग पंख्याची घरघर आणि सर्किटची खरखर तो वर ओढून आणतो. एडिटिंगमध्ये हे धड निस्तरता येत नाही, कारण खरखर क्षणाक्षणाला कमीजास्त झालेली असते.

मेनूत ऑडिओ लेव्हल मॅन्युअल करा. पाहुण्याला मिनिटभर नेहमीच्या आवाजात बोलतं करा आणि पडद्यावरचा आवाजाचा मीटर उणे 12 डेसिबलच्या आसपास खेळेल इतकाच गेन ठेवा. पाहुणा मध्येच खळखळून हसेल, त्यासाठी वरची जागा मोकळी हवी. मीटर शून्याला धडकला की आवाजाच्या लाटेचे शेंडे कापले जातात, आणि कापलेलं परत मिळत नाही.

प्रश्न : कॅमेऱ्यावर चांगला शॉटगन (लांब नळीसारखा) माईक लावला, तरी खोलीत आवाज विहिरीतून आल्यासारखा का येतो?

शॉटगन म्हणजे आवाजाची झूम लेन्स, हा समज फार पसरलाय. तो बाजूचे आवाज कमी घेतो. लांबचं जवळ आणत नाही. माईक आणि तोंड यांतलं अंतर दुप्पट झालं की थेट आवाज साधारण 6 डेसिबलने घटतो, भिंतींवरून परतणारा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. विहीर तिथे तयार होते. माईक 3 मीटरवरून 75 सेंटिमीटरवर आणलात तर थेट आवाज 12 डेसिबलने वधारतो. एवढा फरक नवा महाग माईक घेऊनही पडणार नाही.

म्हणून कॅमेरा हवा तिथे राहू द्या, माईक तेवढा पुढे न्या. सर्वांत सोपा कॉलर माईक. तो हनुवटीखाली वीतभर अंतरावर, शर्टाच्या पट्टीवर लावा. वायरीचा छोटा वेढा घेऊन आतून चिकटपट्टीने बसवा, म्हणजे वायर ओढली गेली तरी धक्का माईकपर्यंत पोहोचत नाही.

प्रश्न : मीटर हलताना दिसतोय, मग हेडफोन कशाला?

मीटर किती ते सांगतो, काय ते सांगत नाही. मी एकदा दीड तासाची मुलाखत मीटरच्या भरवशावर घेतली. माईक घसरून कोटाच्या आत गेला होता. बोलणाऱ्याने हात हलवला की कापडाची खसखस, आणि मीटर छान नाचतोय. ती मुलाखत पुन्हा घेता आली नाही, आणि तो सल अजून आहे. तेव्हापासून कान झाकणारे हेडफोन घातल्याशिवाय मी रेकॉर्डचं बटण दाबत नाही. तुम्हीही दाबू नका.

प्रश्न : कार्यक्रमात मिक्सरमधून थेट कॅमेऱ्यात वायर जोडली. आवाज फाटला. गेन अगदी कमी केला तरी फाटलेलाच!

मिक्सर लाइन लेव्हल देतो, जवळजवळ व्होल्टच्या घरातली. कॅमेऱ्याच्या माईक इनपुटला मिलिव्होल्टची सवय. सिग्नल अनेकदा आत शिरतानाच फाटतो. नंतर गेन कमी केला तर फाटलेला आवाजच बारीक होतो. कॅमेऱ्यात माईक/लाइन असा खटका असेल तर लाइनवर टाका. नसेल तर मध्ये अटेन्युएटर, म्हणजे सिग्नल बारीक करणारा जोड, लावा.

प्रश्न : मला फक्त आवाज हवाय, चित्र नको. कॅमेरा चालेल का?

चालेल. लिनियर पीसीएम (न दाबलेला डिजिटल आवाज), 48 किलोहर्ट्झ, 16 बिट अशी सोय असेल तर बोलण्यासाठी ती भरपूर आहे. लेन्सवर झाकण ठेवा, ऑटोफोकस बंद करा, म्हणजे मोटरची कुरकुर थांबेल. नंतर फाइलमधला ऑडिओ वेगळा काढून घ्या.