घराभोवतीच्या दोन एकरांसाठी पहिला मिनी ट्रॅक्टर कोणता घ्यावा?

दोन एकरांत डाळिंब आणि थोडा भाजीपाला आहे म्हणता, तर आधी टेप घेऊन बागेत जा. खाली वाकलेल्या फांद्यांमध्ये मोकळी वाट किती उरते ते मोजा. ट्रॅक्टर तिथून निघाला पाहिजे आणि बांधाजवळ वळलाही पाहिजे. एचपी, म्हणजे इंजिनाची ताकद, नंतर बघू. रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारे अवजार) आणि फवारणीचा ब्लोअर दोन्ही चालवायचे तर २४ एचपीच्या आसपासचा फोर व्हील ड्राइव्ह घ्या. महिंद्रा जिवो २४५, कुबोटा बी२४४१ याच गटातले. नुसती आंतरमशागत, म्हणजे ओळींमधली मशागत असेल तर पॉवर टिलर (मागे चालत चालवायचे छोटे मशागत यंत्र) पुरतो, उगाच कर्ज काढू नका. रोटाव्हेटर मागच्या चाकांच्या बाहेरच्या मापापेक्षा अरुंद नको, नाहीतर चाकाचे दाबलेले पट्टे तसेच राहतात. डेमो मात्र स्वतःच्याच रानात मागा. तालुक्याला मेकॅनिक वेळेवर मिळतो का, ते शेजारच्या शेतकऱ्याला विचारा.