जॅस्परच्या डोंगरांत कॅरिबू पाहायचा असेल तर

सप्टेंबरच्या मध्यावर कॅनडातील जॅस्पर राष्ट्रीय उद्यानात तंबू पाठीवर घेऊन काही दिवस चालणार आहात आणि त्या मुक्कामात कॅरिबू, म्हणजे उत्तर अमेरिकेतील रेनडिअर, दिसावा यासाठी कोठे व कसे पाहावे, असे आपण विचारले आहे. महिना आपण उत्तम निवडला आहे. तरीही अपेक्षा किती ठेवावी हे आधी सांगितलेले बरे, कारण कॅनडाच्या पंचवीस सेंटच्या नाण्यावर १९३७ पासून दिमाखात मिरवणारा हा प्राणी दक्षिणेकडील डोंगरांतून एकेका कळपाने नाहीसा होत आहे.

जॅस्परमधील टॉन्क्विन कळपात सुमारे ५० जनावरे उरली आहेत, ब्राझो कळपात त्याहून पुष्कळ कमी, आणि मॅलीन कळप आता अस्तित्वात नाही. शेजारच्या बॅन्फमधील अखेरचे कॅरिबू २००९ मध्ये हिमकड्याखाली गाडले गेले. अमेरिकेच्या हद्दीत ये-जा करणारा दक्षिण सेल्कर्क कळप २०१८ मध्ये तीन माद्यांवर आला होता आणि २०१९ च्या जानेवारीत त्यांतील एक मादी पकडून ब्रिटिश कोलंबियातील रेव्हलस्टोकजवळ हलवावी लागली. अशा प्राण्याच्या मागावर फिरणे मला योग्य वाटत नाही. वाटेवर राहून, थांबून, दुरून पाहायचे आणि दिसला तर दिसला, हीच एक रीत मला पटते.

आता जागेविषयी. कॅरिबू उंचावर राहतो याचे मोठे कारण लांडगे हे आहे. एल्क आणि मूस ही मोठी हरणे, तसेच लहान हरणे खालच्या दऱ्यांत चरतात, लांडगे त्यांच्यामागे तेथेच फिरतात, आणि कॅरिबू या सर्वांपासून दूर, झाडांची रेषा संपते त्याच्या आसपास आणि त्याहून वर राहून आपला जीव वाचवतो. म्हणून जेथे एल्क भरपूर दिसत आहेत, तेथे दुर्बीण लावून बसण्यात अर्थ नाही. टॉन्क्विन दरीत पोर्टल क्रीकच्या वाटेने वर गेल्यास मॅकॅरिब खिंडीच्या दोन्ही बाजूंना मोकळी, बुटक्या झुडपांची विस्तीर्ण कुरणे लागतात. ब्राझोच्या वाटेवरील जोनास खिंडही तशीच आहे. अशा ठिकाणी चालत राहण्यापेक्षा वाऱ्याचा आडोसा पाहून तासभर बसावे आणि समोरचा उतार डावीकडून उजवीकडे, मग एक पट्टा वर सरकून पुन्हा, असा सावकाश पाहत जावा. उन्हाळ्यात उरलेले बर्फाचे पट्टे आधी पाहावेत, कारण माश्या आणि उकाडा यांपासून सुटका मिळावी म्हणून कॅरिबू त्यांवर येऊन उभे राहतात. सप्टेंबरच्या अखेरीपासून मात्र ऑक्टोबरमधील माजाच्या काळासाठी ते एकत्र येऊ लागतात, आणि एकट्यादुकट्यापेक्षा टोळी दुरून लवकर नजरेस येते.

ओळखण्यात सर्वाधिक घोटाळा एल्कशी होतो. दोघांचाही पार्श्वभाग फिका असतो, त्यामुळे पाठमोरे जनावर पाहून निर्णय घेऊ नये; मान पाहावी. एल्कची मान गडद आणि अंग फिके असते, तर शरद ऋतूतील कॅरिबूचे अंग गडद तपकिरी आणि मान पांढुरकी असते, आणि प्रौढ नराच्या मानेखालची आयाळ तर फार लांबून चमकते. शिंगांवरून नर-मादी ठरवण्याची सवय येथे उपयोगी पडत नाही, कारण कॅरिबूच्या माद्यांनाही बहुधा शिंगे असतात. मोठे नर आपली शिंगे हिवाळ्याच्या तोंडाशी टाकतात आणि गाभण माद्या ती वसंतात पाडस होण्याच्या सुमारापर्यंत बाळगतात. चिखलात ठसा मिळाला तर तो रुंद, जवळजवळ गोल, दोन अर्धचंद्र समोरासमोर ठेवल्यासारखा असतो आणि त्यामागे मागच्या उपखुरांचे दोन ठिपके बहुधा उमटलेले असतात. मूसचा ठसा लांबट आणि टोकदार असतो.

काही जण हिवाळ्यात स्कीवर जाऊन पाहण्याचा सल्ला देतील. तो ऐकू नये. हिवाळ्यात हे प्राणी लायकेनवर जगतात. आपल्या गोड्या मसाल्यातले दगडफूल ज्या प्रकारात मोडते, तोच हा प्रकार. जॅस्परच्या पश्चिमेकडील कोलंबिया पर्वतांतील कॅरिबू तर दोन-तीन मीटर साचलेल्या घट्ट बर्फावर उभे राहून जुन्या झाडांच्या फांद्यांवर लोंबणारे लायकेन खातात. ज्या खोल, भुसभुशीत बर्फात लांडगा रुततो, तेथे स्की किंवा स्नोमोबाइलने दाबून केलेली वाट त्याला आयता रस्ता होते. याच कारणाने जॅस्परमधील कॅरिबूंचा प्रदेश १ नोव्हेंबर ते १५ मे या काळात बंद ठेवला जातो, आणि मला हा निर्णय सर्वस्वी योग्य वाटतो, जरी त्यामुळे टॉन्क्विनमधील हिवाळी मुक्काम संपला.

दिसल्यानंतरचेही थोडे सांगतो. कॅरिबू कुतूहलाने स्वतःच जवळ येतो, किंवा वास घेण्यासाठी वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या बाजूला जातो. तेव्हा आपण पुढे न सरकता जागीच बसून राहावे. मान ताठ करून एक मागचा पाय बाजूला ताणून तो उभा राहिला, तर तो घाबरलेला आहे असे समजून मागे फिरावे. ड्रोन राष्ट्रीय उद्यानात चालत नाहीच, आणि कॅरिबूच्या प्रदेशातील अनेक वाटांवर कुत्रा नेण्यासही बंदी आहे. अस्वलासाठीचा फवारा मात्र हाताशी हवाच, कारण ग्रिझली अस्वलेही याच कुरणांत असतात.

पाहिल्यावर तारीख, वेळ, ठिकाण, संख्या, पाडसे होती का आणि गळ्यात मागोवा घेण्याचा पट्टा होता का, एवढे लिहून उद्यानाच्या कार्यालयात कळवावे. इतक्या लहान कळपांत एकेक पाडसाची नोंद मोलाची असते. छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकायचे असल्यास खिंडीचे नाव आणि फोटोतील स्थानाची नोंद काढून टाकावी, म्हणजे पुढच्या आठवड्यात तेथे गर्दी होणार नाही.

आणि कॅरिबू पाहणे हाच आपला मुख्य हेतू असेल, तर पुढच्या वर्षी उत्तर ब्रिटिश कोलंबियात अलास्का महामार्गाने जावे. स्टोन माउंटन आणि मन्चो लेक या परिसरात उत्तरेकडील कळपांचे कॅरिबू रस्त्याच्या कडेलाही दिसतात, मोटारीतून न उतरता पाहता येतात आणि त्यासाठी कोणाच्या आश्रयस्थानात शिरावे लागत नाही.