पावसाच्या गावात कापडी पॅड वापरावीत की कप?

तुम्ही खानापूर तालुक्यातील एका गावात एकत्र कुटुंबात राहता, नोकरीसाठी रोज एसटीने बेळगावला ये-जा करता आणि वापरलेली पॅड टाकायची कुठे या रोजच्या कटकटीला कंटाळून पुन्हा वापरता येणाऱ्या साधनांकडे वळू पाहता. मासिक पाळीसाठी धुऊन वापरायची कापडी पॅड घ्यावीत की कप, म्हणजे योनीत बसवून रक्त साठवणारी छोटी मऊ वाटी, ते कितपत स्वच्छ असते, आणि "आम्ही चिंध्या सोडून पॅडवर आलो, नि तू उलटी चाललीस" असे म्हणणाऱ्या सासूबाईंना काय सांगावे, असे तुमचे प्रश्न आहेत. मी डॉक्टर नाही. माहेर जांबोटीच्या बाजूला आणि सासर बेळगावात वडगावला असल्यामुळे पावसाचे गाव आणि शहरातील दाटीवाटीचे घर या दोन्ही ठिकाणी मी ही साधने वापरलेली आहेत, एवढ्याच अनुभवावर सांगते की साधन निवडण्याआधी आपल्या घरी वाळत घालण्याची जागा कोणती आहे ते पाहावे.

सासूबाईंचे म्हणणे मी मुळीच उडवून लावणार नाही. त्यांच्या पिढीने जुन्या लुगड्याचे तुकडे वापरले, ते अंधारात धुतले आणि पुरुषमाणसांच्या नजरेस पडू नयेत म्हणून गोठ्यामागे, नाहीतर दुसऱ्या कपड्याच्या खाली झाकून वाळवले. ऊन न लागलेले, अर्धवट ओले कापड पुन्हा अंगाला लागले की खाज सुटते, कातडी सोलवटते आणि जंतुसंसर्गाला वाव मिळतो. तो त्रास खराच होता, मात्र त्याचे कारण सुती कापड हे नसून ते लपवून वाळवण्याची सक्ती हे होते. आजही कापड काही हद्दपार झालेले नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते २४ वयोगटातील ६४ टक्के मुलींनी सॅनिटरी पॅड, तर ५० टक्के मुलींनी कापड वापरत असल्याचे सांगितले, म्हणजे पुष्कळ जणी दोन्ही वापरतात. हे सर्वेक्षण साध्या कापडाची गणना आरोग्यदायी साधनांत करत नाही. शिवलेल्या कापडी पॅडसाठी मात्र भारतीय मानक ब्युरोने २०२१ मध्ये स्वतंत्र मानक काढले आहे. तेव्हा तुम्ही चिंध्यांकडे परत निघालेला नाही, हे सासूबाईंना सांगता येईल, परंतु ते पॅड उघड्यावर, उन्हात, दोरीवर दिसेल असे घालण्याची तयारी घरात असली तरच त्या सांगण्याला अर्थ राहील.

आता पावसाचा विचार करू. कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये काय परिस्थिती असते ते तुम्हाला वेगळे सांगायला नको. पाच-सहा थरांचे शिवलेले पॅड पागोळीच्या आत दोरीवर घातले तर कडा सुकलेल्या दिसतात, पण मधोमध अंगठा दाबून पाहिला की आतला गारवा बोटाला लागतो, आणि नाकाजवळ नेले की कुबट वास येतो. असे पॅड त्या दिवशी वापरू नये. चुलीवरच्या माळ्याला टांगण्याची कल्पना अनेकींना सुचते, पण धुराची काजळी कापडात बसते. त्यापेक्षा घडीचे पॅड घ्यावे, म्हणजे आतले कापड रुमालासारखे सुटे काढून पूर्ण उलगडून वाळवता येईल असे. ते पातळ असल्यामुळे पंख्याखाली लवकर सुकते आणि शेवटचा ओलावा इस्त्रीने घालवता येतो. पाणी न झिरपणारे प्लास्टिकसारखे अस्तर ज्या भागाला असते त्याला मात्र इस्त्री लावू नये आणि तो उकळूही नये. धुण्याची रीत सोपी आहे: आधी थंड पाण्यात भिजवावे, कारण गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का बसतो, मग साध्या साबणाने धुऊन पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळावे. कपडे मऊ करणारे सुवासिक द्रव टाळावेत, त्यांच्यामुळे कापडाची शोषण्याची ताकद कमी होते.

पाण्याचीही बाजू आहे. राकसकोप आणि हिडकल या धरणांच्या पाण्यावर असलेल्या बेळगाव शहरातसुद्धा एप्रिल-मे महिन्यांत नळाची वाट पाहावी लागते, मग ज्या गावात बायका विहिरीवरून पाणी आणतात तिथे दिवसाला तीन-चार पॅड धुण्यासाठी जादा बादली लागणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. कपाला तांब्याभर पाणी पुरते, आणि वाळत घालण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणून तुमच्यासाठी माझा कौल असा आहे की पावसाळ्यात, भर उन्हाळ्यात आणि नोकरीच्या दिवशी कप वापरावा. रात्री, शेवटच्या हलक्या दिवसांत आणि दिवाळीनंतर उन्हाच्या महिन्यांत कापडी पॅड वापरावीत. एकाच साधनाशी लग्न लावण्याची गरज नाही.

कप हे नव्याने निघालेले खूळ आहे अशी समजूत घरात असेल, तर लिओना चामर्स नावाच्या अमेरिकन बाईने १९३७ मध्ये त्याचे पेटंट घेतले होते हे सांगून टाका. म्हणजे वयाने तो बहुधा सासूबाईंपेक्षाही मोठा आहे. आजचे चांगले कप वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनचे असतात आणि त्यात साधारण २० ते ३० मिलिलिटर रक्त मावते. संपूर्ण पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते, त्यामुळे बहुतेक जणींना तो अनेक तास पुरतो. आत किती तास ठेवायचा याची मर्यादा उत्पादक सांगतात, ती बहुधा ८ ते १२ तासांची असते, आणि ती ओलांडू नये, कारण टॉक्सिक शॉक सिंड्रोम हा दुर्मीळ पण गंभीर आजार कपामुळे झाल्याची काही उदाहरणे नोंदलेली आहेत. २०१९ मध्ये लॅन्सेट पब्लिक हेल्थ या नियतकालिकात ४३ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात कपातून होणारी गळती पॅड किंवा टॅम्पॉन (योनीत ठेवायचा कापसाचा बोळा) यांच्याइतकीच किंवा त्याहून कमी आढळली, मात्र तो अंगवळणी पडायला काही महिने लागू शकतात असेही दिसले. त्यामुळे पहिला प्रयोग सुट्टीच्या दिवशी, घरी, सोबत कापडी पॅड लावून करावा. काढताना देठ धरून ओढू नये. बोटाने तळ चिमटून आत धरलेली हवा सोडवली की तो सहज निघतो. ही एक गोष्ट न कळल्यामुळे कित्येक जणी घाबरून कप कायमचा कपाटात टाकतात.

बसस्थानकावरच्या शौचालयाची तुमची काळजी रास्त आहे. आत जाण्याआधी हात साबणाने धुवावेत, सोबत पाण्याची छोटी बाटली न्यावी, कप रिकामा करून त्याच पाण्याने विसळावा किंवा स्वच्छ कागदाने पुसून पुन्हा बसवावा, आणि साबणाने नीट धुणे घरी आल्यावर करावे. सकाळी घरून बसवून निघालात तर बहुधा संध्याकाळपर्यंत काढण्याची वेळ येणार नाही. कापडी पॅड मात्र दर चार ते सहा तासांनी बदलावे लागते आणि ओले पॅड पाणी न झिरपणाऱ्या पिशवीत घालून घरी आणावे लागते, जे भरलेल्या एसटीत उभ्याने येताना कोणालाही नकोसे वाटेल.

खर्चाचे गणित लहान आहे. महिन्याला बारा-पंधरा टाकाऊ पॅड लागत असतील तर शंभर-सव्वाशे रुपये जातात. कप काही शे रुपयांत येतो आणि नीट जपला तर अनेक वर्षे टिकतो.

कॉलेजात जाणाऱ्या तुमच्या नणंदेने कप वापरावा का, हा प्रश्न तुम्ही भीतभीत विचारला आहे. वैद्यकीयदृष्ट्या अविवाहित मुलीला त्यात मनाई नाही, आणि आपल्याच कर्नाटक सरकारने २०२२ मध्ये मुलींना सॅनिटरी पॅड देणाऱ्या शुचि योजनेखाली दक्षिण कन्नड व चामराजनगर जिल्ह्यांत विद्यार्थिनींना कप देण्याचा प्रयोग केला होता. तरीही तिला स्वतःला धीर होत नसेल तर कोणीही आग्रह धरू नये. तिला कापडी पॅडने सुरुवात करू द्यावी. कपाने योनिपटलाला, म्हणजे योनीच्या तोंडाशी असलेल्या पातळ पडद्याला, धक्का लागेल अशी भीती घरात असते, पण त्या पडद्यावरून चारित्र्याचा निवाडा करणे अशास्त्रीय आहे हे घरातल्या मोठ्यांना सांगण्याचे काम तिचे नसून तुमचे आहे, असे मला वाटते.

तुम्ही गर्भ राहू नये म्हणून तांबी (कॉपर-टी) बसवलेली असेल तर कप घेण्याआधी स्त्रीरोगतज्ज्ञांना अवश्य विचारा, कारण कप काढताना ओढ बसून तांबी सरकण्याची शक्यता असते. बाळंतपण नुकतेच झाले असेल किंवा अंगावर दुर्गंधीयुक्त पांढरे जात असेल, तरीही आधी डॉक्टरांना दाखवावे. कप पाळीच्या आधी आणि नंतर काही मिनिटे पाण्यात बुडवून उकळायचा असतो, त्यासाठी स्टीलचे एक छोटे पातेले वेगळे ठेवावे. एकत्र घरात स्वयंपाकाच्या ओट्यावर ते चढवणे अवघड वाटले तर अंघोळीच्या पाण्याच्या चुलीवर, सकाळी सगळ्यांच्या आधी, ते सहज उरकते. वाळल्यावर कप हवाबंद डब्यात न ठेवता सुती पिशवीत ठेवावा.