लहानपणी वाचलेल्या बोर्डिंग स्कूलच्या गोष्टी मोठेपणी परत वाचल्या तर मजा जाते का?

तुम्ही विचारलंय की शाळेत असताना एनिड ब्लायटनच्या मॅलरी टॉवर्स, सेंट क्लेअर्स वगैरे मुलींच्या शाळांच्या गोष्टी वेड्यासारख्या वाचल्या होत्या, आता चाळिशीत त्या परत हातात घ्याव्यात का, की मजा जाईल आणि आहे ती आठवणही बिघडेल. मी मागच्या पावसाळ्यात नेमकं हेच करून बसलेय म्हणून लिहिते.

मी सांगलीची, मराठी शाळा, इंग्रजी पाचवीपासून, म्हणजे ही पुस्तकं मी आठवीत डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचली. आमच्या गल्लीच्या टोकाला एक काका दुकानाच्या मागच्या खोलीत लायब्ररी चालवायचे, दिवसाला आठ आणे, उशीर झाला तर काही बोलायचे नाहीत, नुसते चष्म्यावरून बघायचे. एनिड ब्लायटन होती पण कशी, तर पहिला भाग आहे, दुसरा गायब, चौथ्याला कव्हर नाही. मी आणि माझी मावसबहीण मिळून एक पुस्तक आणायचो, दुपारी ती वाचणार, रात्री मी, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना भांडण, की मी डॅरेल, नाही मी डॅरेल. ग्वेंडोलिन व्हायला कुणीच तयार नसायचं. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी: डॅरेल रिव्हर्स म्हणजे मॅलरी टॉवर्सची नायिका, तापट पण मनाने चांगली. ग्वेंडोलिन मेरी लेसी म्हणजे आईची लाडकी, घरी खास बाई ठेवून शिकवलेली, रडूबाई, पाण्याला घाबरणारी.

अर्धं तर कळायचंच नाही. लॅक्रॉस हा खेळ आम्ही फुलपाखरं पकडायची जाळी घेऊन पळायचा प्रकार समजत होतो (नंतर फोटो बघितला तर फार चुकलो नव्हतो). पण खरा घोळ सार्डिनचा. सेंट क्लेअर्सच्या पहिल्याच पुस्तकात मुली मध्यरात्री चोरून पार्टी करतात, त्यात केक, डब्यातला अननस, कंडेन्स्ड मिल्क आणि सार्डिन. आता कंडेन्स्ड मिल्कबरोबर खायचं म्हणजे काहीतरी गोडच असणार ना, आमच्या डोक्यात सार्डिन म्हणजे खारी बिस्किटासारखी काहीतरी मिठाई. पुढे कितीतरी वर्षांनी मालवणच्या मैत्रिणीकडे गेले, तिच्या आईने तव्यावर तारली टाकलेली, रवा लावून, सगळ्या घरात वास, आणि मैत्रीण म्हणाली अगं हेच की तुझं सार्डिन. तारली आणि कंडेन्स्ड मिल्क! मी तिथे पाटावर बसून इतकी हसले की काकूंना वाटलं मी मासे बघून नाक मुरडतेय.

पण परत वाचताना याच पार्टीपाशी थांबले. सेंट क्लेअर्सची सहा पुस्तकं आली १९४१ ते १९४५ मध्ये, म्हणजे ऐन युद्धात. ब्रिटनमध्ये १९४० पासून रेशन, लोणी, साखर सगळं मोजून, चॉकलेट-गोळ्यांचं रेशन तर १९५३ पर्यंत चाललं. मॅलरी टॉवर्स १९४६ ते १९५१, तेव्हाही तेच, उलट १९४६ ला पावावर रेशन आलं, जे युद्धातसुद्धा नव्हतं. म्हणजे जी पोरं हे वाचत होती त्यांच्या घरात असा केक होत नव्हता. मला वाटायचं ब्लायटनबाई फक्त खादाड आहेत. आता वाटतं की खाण्याचं वर्णन करता करता बाई त्या पोरांना जेवायला वाढत होत्या. तीच गोष्ट आम्हाला सांगलीत लागू पडली, वेगळ्या कारणाने, कारण आम्हालाही त्यातलं काहीच मिळत नव्हतं.

आणि मॅलरी टॉवर्सचा तो पोहण्याचा तलाव! कॉर्नवॉलच्या समुद्राकाठी खडकात खोदलेला, भरतीचं पाणी आत येतं, चार मनोऱ्यांची शाळा वर कड्यावर. डॉर्सेटमध्ये डॅन्सिंग लेज म्हणून खडकात खणलेला असा तलाव खरंच आहे आणि ब्लायटनला तो तिथूनच सुचला असं सांगतात. तिच्या मुली ज्या शाळेत शिकल्या ती केंटमधली बेनेंडेन शाळाही युद्धकाळात कॉर्नवॉलला, न्यूकीला हलवली होती. हे वाचल्यावर मला उगाच बरं वाटलं, म्हणजे अगदीच हवेतून काढलेलं नव्हतं.

आता मूळ मुद्दा, मजा जाते का. मॅलरी टॉवर्सचे पहिले चार भाग नाही जात, शप्पथ. फ्रेंच शिकवणाऱ्या मॅम्झेल द्यूपाँवर केलेल्या खोड्या वाचून मी परत हसले, नवरा बाहेरून येऊन बघून गेला. पण ग्वेंडोलिनचं प्रकरण बदललं. पहिल्याच टर्ममध्ये ती भित्र्या मेरी-लूला पाण्यात दाबून धरते म्हणून डॅरेल तिला तिथल्या तिथे सटासट चापट्या मारते. लहानपणी मी तिथे टाळी वाजवायची. आता वाचलं तर काय दिसलं, की एक बारा वर्षांची मुलगी पहिल्यांदा घर सोडून आलीय, आईसाठी रडतेय, आणि सगळी शाळा, मुली आणि टीचर सगळे, तिच्या केसांवर, तिच्या जाडीवर, तिच्या रडण्यावर हसतायत. दाबून धरणं वाईटच, त्याबद्दल वाद नाही. पण तिला सुधारायची संधी लेखिकाच देत नाही, इतरांना देते. मग शेवटच्या भागात तर कहरच. ती हट्ट करून, बापाला टोचून टोचून स्वित्झर्लंडच्या महागड्या शाळेत जायचं कबूल करून घेते, आणि बाप गंभीर आजारी पडतो, सगळं रद्द. सहा पुस्तकं वाट बघून बाईंनी पोरीवर वीज टाकली. मी पुस्तक मिटून ठेवलं आणि दोन दिवस हात लावला नाही.

एवढा राग का आला त्याचं कारण सांगते, थोडं लाजिरवाणं आहे. अकरावीला मी पुण्यात हॉस्टेलला आले. डोक्यात मॅलरी टॉवर्स. पहिल्या रात्री खोलीत चौघी, लाइट गेलेले, मेसची वरणाची वाटी अजून जिभेवर, आणि मी उशीत तोंड घालून अशी रडले की शेजारच्या कॉटवरची मुलगी उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन झोपली. आठवडाभर रडले. रेक्टर मॅडमच्या टेबलावरच्या फोनवरून आईला रोज फोन. मावसबहीण भेटायला आली आणि एका वाक्यात निकाल लावला, तू डॅरेल कधीच नव्हतीस गं, तू ग्वेंडोलिन.

पार्टी मात्र आम्ही केली. दिवाळीनंतर, रात्री साडेबाराला, चार घरच्या चार चकल्या, शंकरपाळे, एकीच्या आजीचे बेसन लाडू. टॉर्च पेटवून डबा उघडला तर लाडवांना मुंग्या. पंखा फुल करून डबा त्याच्या खाली धरला, फुंकर मारली, आणि अंधारात खाल्ले, काही मुंग्या गेल्या असतील पोटात. जी व्हरांड्यात झोपायला गेली होती तिनेच मला सगळ्यात मोठा लाडू दिला.

माझा मामा म्हणतो हे सगळं मुलींचं वाचन, खरं वाचायचं तर बिली बंटर, म्हणजे मुलांच्या बोर्डिंग शाळेच्या गोष्टी. ते मी थोडंच वाचलंय, त्यातला भारतीय मुलगा, हरी जमसेट राम सिंग, क्रिकेटमध्ये भारी पण बोलतो असलं विनोदी इंग्रजी की आज वाचताना अंगावर येतं. मामाला त्याबद्दल विचारू नका, तो चिडतो.

तर तुम्ही वाचा बिनधास्त. सेंट क्लेअर्सचं पहिलं घ्या, दोनशे पानांच्या आत आहे, रविवारी दुपारी संपतं. २००९ पासून दुसऱ्या लेखिकेने मॅलरी टॉवर्सचे पुढचे भाग काढलेत त्यांच्या वाटेला मी गेले नाही. आणि ब्लायटनच्या मॅलरी टॉवर्सचा शेवटचा भाग वाचाल तर ग्वेंडोलिन डॅरेलला पत्र लिहिते ते पान घाईत उलटू नका. मी ते पान फोटो काढून मावसबहिणीला पाठवलं. तिचा रिप्लाय आला, पोहायला शिकलीस का अजून?

नाही शिकले.